चौथा डाग

१

आईला जाऊन सातवा दिवस. उन्हं अंगणात उतरली तेव्हा रखमाजी तात्यांनी एक बाटली आणली आणि सगळ्यांना दिसेल अशी मधोमध ठेवली.

शेळ्यांना लावायचं गोचिडाचं औषध. पिवळं झाकण, लेबलावर विषाची खूण. बाटली अर्धी रिकामी.

"ही तुज्या माळ्यावर घावली," तात्या सुप्रियाला म्हणाले. "आता बोल. निम्मी गेली कुठं?"

सुप्रिया माझी भावजय. धाकट्या भावाची, गोरखची बायको. किकवीची, हायवेच्या कडेला वाढलेली. लग्नाला तीन वर्षं झाली तरी आमच्या वाड्यावर तिला अजून 'रस्त्यावरची' म्हणतात. वाडा म्हणजे पासलीच्या वर डोंगराच्या खांद्यावरची धनगरांची सात घरं. मी स्वप्नाली. भोरला वाचनालयात काम करते आणि सणासुदीला वर येते. या वेळी सण नव्हता.

"शेरडास्नी लावली," सुप्रिया म्हणाली. "दिवाळीच्या आधी."

"कुणी बघितलं?"

"आत्याबाईंनी."

"वा! साक्षीदार बी ग्वाड काढलास. जी गेली ती."

ओट्यावरच्या दोघी-तिघी हसल्या. तात्या हसले नाहीत. ते आमच्या वडिलांचे थोरले भाऊ, वाड्यातले सगळ्यांत मोठे. त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली.

"सोजरा धडधाकट बाय. रोज डोंगूर उतरून दूध घालाया जायाची. तिला ताप आला, मग येड्यावाणी बडबड, मग फिटा, मग एक अंग लुळं, अन् अकराव्या दिशी खलास. हाताच्या तळव्याला ठिपकं, पायाच्या तळव्याला ठिपकं. ह्ये इख न्हाई तर काय? अन् आता ऐका. एका चुलीवरचं तिघं खात व्हती. सोजरा गेली. गोरख तीन दिस तापानं पडलाय. अन् ही? हिला शिंक बी न्हाई."

सुप्रियानं बाटलीकडे पाहिलं. मीही. बाकी सगळं दुःखात वाहत आलेलं बोलणं होतं, पण शेवटच्या वाक्यात हिशेब होता, आणि तो मला खोडता येत नव्हता.

"दहाव्याचं पाणी पडलं की हिनं किकवीची एस्टी धरायची," तात्या म्हणाले. "पोलिसात जात न्हाई, ह्येच उपकार समज."

"तात्या, दहाव्याला तीन दिवस आहेत," मी म्हणाले. "तोवर ती इथंच राहील."

"अन् मंग?"

"मग आई कशानं गेली ते मी सांगीन."

"कागदावर लिवलंय की. पक्षाघात."

"तुम्हाला पटलंय ते?"

तात्यांनी मिशीवरून हात फिरवला. "न्हाई."

"मलाही नाही. म्हणजे आपलं निम्मं तरी जमतंय."

मी बाटली उचलली आणि घरात नेली. कुणी अडवलं नाही. पण आत जाता जाता तात्यांच्या बायकोचं, सगुणाकाकींचं बोलणं कानावर पडलं. "बुकं वाचून मेल्याली मानसं परत येत्यात व्हय?"

२

आईच्या आजाराची फाईल मी उंबऱ्यात बसून वाचली. वाचणं हे एकच काम मला नीट येतं.

अकरा दिवसांत तीन डॉक्टर. पहिल्यानं आईला वर्ष कोणतं ते विचारलं आणि लिहिलं, 'वयोमानाने भ्रम.' आईला एरवीही वर्ष सांगता आलं नसतं, पण सोळा शेळ्यांची वंशावळ पाठ होती. दुसऱ्यानं तिचा हात उडताना पाहिला आणि लिहिलं, 'फिट.' तिसरं रुग्णालय मोठं होतं. त्याचं नाव मी लिहीत नाही. तिथं मेंदूचा फोटो काढला. फोटोत काही सापडलं नाही. तोवर डावं अंग लुळं पडलं होतं म्हणून 'पक्षाघात' लिहिलं. एवढ्या लवकर फोटोत दिसतोच असं नाही, म्हणाले.

तीन नावं, तिन्ही मेंदूची. पण तिघांच्याही कागदावर वरच्या कोपऱ्यात नर्सनं लिहिलेला एक आकडा होता. एकशे तीन. एकशे तीन. एकशे चार. भ्रम, फिट, पक्षाघात ही नावं बदलत गेली, आणि कोपऱ्यातला ताप पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तिथंच बसून होता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं, तू कोण?

तिसऱ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी आईच्या कानशिलावरचे काळे डाग पाहिले होते. खालच्या वस्तीतल्या गेनबांनी तापल्या सळईनं दिलेले. "एकविसाव्या शतकात माणसाला चटके देता?" ते मला म्हणाले होते. "ग्रंथपाल ना तुम्ही?" मग त्यांनी एक कागद पुढं केला. त्यात लिहिलं होतं की घरच्या अघोरी उपायांमुळे रुग्ण आणायला उशीर झाला, ते नातेवाइकांना मान्य आहे. मी सही केली नाही. तेव्हा ते हट्टानं केलं होतं. कारण अजून सापडायचं होतं.

फाईल मिटून मी शेळ्यांकडे गेले. सोळाही शेळ्यांचे कान उलटे करून पाहिले, शेपटीखाली पाहिलं, मांड्यांच्या सांध्यात पाहिलं. एकही गोचीड नाही. मग तात्यांच्या गोठ्यात गेले. त्यांच्या पहिल्याच शेळीच्या कानात सात गोचीड फुगून बसले होते, हरभऱ्याच्या दाण्यांसारखे.

म्हणजे सुप्रिया खरं बोलत होती. निम्मी बाटली आमच्या शेळ्यांच्या अंगावर गेली होती.

बाहेर तिला ते सांगितलं. ती म्हणाली, "मला ठावं हाय, वन्सं. म्याच लावली की." आणि मग पहिल्यांदा रडली.

विष नव्हतं, हे माझ्यापुरतं ठरलं. पण विष नाही, पक्षाघात नाही, तर मग काय? दाराशी उभी राहून मी विचार करत होते तेवढ्यात आतून गोरखची हाळी आली. जोरकस, लांबलेली. आमच्या मेंढरांना वळवायची हाळी.

सुप्रिया माझ्याकडे बघत राहिली. आमची मेंढरं आठ वर्षांपूर्वी विकली होती.

आईची बडबड अशीच सुरू झाली होती.

३

गेनबा खालच्या वस्तीत राहतात. जडीबुटी देतात, हाड बसवतात, डाग देतात. सत्तरीचे, काटक. मी येताना दिसले तेव्हा त्यांनी घोंगडं आवरून मला बसायला जागा केली, आणि नजर मात्र दिली नाही.

"भांडाया आलीस?"

"नाही. विचारायला आले. आईला काय काय दिलंत?"

"गुळवेलीचा काढा. त्यो म्या बी पितो रोज. अन् डाग. बडबड थांबत नव्हती म्हणून."

"किती डाग?"

"तीन. दोन कानशिलावर, एक मानंला." त्यांनी स्वतःच्या मानेवर बोट ठेवून दाखवलं. "तीनच देत्यात. आमच्या बापानं तीन शिकवलं, त्याच्या बापानं त्याला तीन."

"चुकून जास्त?"

गेनबा दुखावले. "पोरी, सळई चुकून लागती का? दर डागाला मानूस वरडतंय. तुजी आय तिसऱ्याला वरडली न्हाई, तवाच म्या सळई खाली ठिवली. त्यानंतर म्या हात लावला न्हाई."

परत वर चढताना सगुणाकाकी धुणं वाळत घालताना दिसल्या. आईला शेवटची अंघोळ घालणाऱ्या बायकांत त्या पुढं होत्या. मी त्यांच्या हातातल्या लुगड्याचं दुसरं टोक धरलं. आम्ही दोघींनी ते पिळलं.

"काकी, अंघोळ घालताना आईच्या अंगावर काय काय दिसलं?"

"कशाला त्ये उकरती?"

"सुप्रियाला घराबाहेर काढताय. मग उकरू नको?"

काकींनी लुगडं झटकलं. "ठिपकं व्हतं. तळहाताला, तळपायाला, पोटरीला. गवर आल्यावाणी. अन् गेनबाचं चार डाग."

माझा हात दोरीवर थांबला.

"चार?"

"चार. माज्या हातानं हळद लावली की. दोन हितं, एक मानंला, अन् एक डाव्या काखंत."

"काखेत?"

"चोळीच्या आत. ल्हान व्हता, बोटाच्या पेरावाणी. काळा कुळकुळीत, भवतीनं लाल."

"बाकीच्या तिघांसारखाच?"

काकी प्रथमच विचारात पडल्या. "न्हाई गं. बाकीच्यास्नी फोड आलं व्हतं, कातडं सोललं व्हतं. ह्यो कोरडा. खपली बसल्यावाणी. आमाला वाटलं, जुना आसंल."

दोरीवरून पाणी टपकत होतं. मी काकींना विचारलं, आणि विचारतानाच उत्तर कळत गेलं. "गेनबा आईपेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. नात्यानं दीर. ते तिच्या चोळीच्या आत, काखेत डाग देतील?"

काकींचा हात तोंडावर गेला. "अगं बया! जीभ झडंल असलं बोललं तर. मानंला डाग देताना बी त्यांनी सुप्रियाला पदर धराया लावला व्हता."

"मग चौथा डाग दिला कुणी?"

काकी बादलीकडे वळल्या. रुग्णालयानं कानशिलावरचे पाहिले, चिडले, आणि पुढं पाहायचं राहिलं. बायकांनी चारही पाहिले आणि चारही गेनबांच्या नावावर टाकले. तो चौथा डाग तीन डागांच्या गर्दीत उभा होता, आणि त्याला कुणी वेगळा काढला नव्हता.

४

आठव्या दिवशी सकाळी तात्या गेनबांना घेऊन आमच्या दारात आले. गेनबांच्या हातात सळई होती, पण ती त्यांनी मागं धरली होती.

"गोरख रातभर मेंढरं वळतोय," तात्या म्हणाले. "सोजराचा जीव त्याच्यात अडाकलाय. न्हाईतर हिनं त्यालाबी पाजलंय. काय बी आसंल, डाग द्याया पायजे."

मी उंबऱ्यात उभी राहिले. "नाही."

"तू बाजूला हो, स्वप्ने."

"नाही होणार. तात्या, तुम्ही मला खांद्यावर घेऊन हा डोंगर चढलायत. मला ढकलायचं असेल तर ढकला. पण आधी मी त्याचं अंग बघणार. मग काय करायचं ते करा."

"डाक्टर हाईस का तू?"

"नाही. तिघं डॉक्टर होते. त्यांनी बघितलं नाही."

तात्यांनी काठी आपटली, पण पाय पुढं टाकला नाही. गेनबा खाली बसले. हळूच म्हणाले, "बघू दे तिला, रखमाजी. बघाया काय जातंय?"

सुप्रियानं आणि मी गोरखची घोंगडी काढली. तो जळत होता. मला ओळखलं नाही. त्याच्या मुठी उघडल्या. दोन्ही तळहातांवर बारीक लाल ठिपके. तळपायांवरही. काखा स्वच्छ होत्या. मान, पाठ, कंबर. काहीच नाही. उजवा गुडघा वाकवला तेव्हा सुप्रियानं श्वास आत ओढला.

गुडघ्याच्या मागच्या घडीत एक काळा डाग होता. बोटाच्या पेराएवढा. कोरडा, भोवतीनं लाल.

"गेनबा," मी हाक मारली. "आत या. तात्या, तुम्हीही. हे बघा. काकींनी आईच्या काखेत पाहिला तो हाच का, ते बघायला त्यांनाही बोलवा."

काकी आल्या, वाकल्या, आणि झटक्यात मागं सरल्या. "त्योच. देवाशपथ त्योच."

"गेनबा, याला तुम्ही डाग दिलाय?"

"न्हाई. सळई अजून गरम बी केली न्हाई."

"मग सळई लागायच्या आधीच याच्या अंगावर हा डाग कसा?"

गेनबांनी सळई भिंतीला टेकवून ठेवली आणि तिच्यापासून लांब जाऊन उभे राहिले.

"टेम्पो बोलवा," मी म्हणाले. "वेल्ह्याला जायचं, दवाखान्यात."

तात्यांनी खिशातून मोबाईल काढला. टेम्पोवाल्याला फोन लावला. मी गोरखचं कांबळं घ्यायला खुंटीकडे वळले, आणि कांबळ्याखाली मला एक वस्तू दिसली. आमच्या घरात ती असायचं काहीच कारण नव्हतं.

५

राखाडी रंगाचा पट्टा होता. हातभर लांबीचा, रबरासारखा. कुत्र्याच्या गळ्यातला.

"हा बुरण्याचा," सुप्रिया म्हणाली. "आत्याबाईंनी काढून ठेवला."

बुरण्या म्हणजे ब्रूनो. पानशेतच्या धरणाकाठी पुण्याच्या लोकांची सुट्टीतली घरं आहेत. त्यातलं एक घर विकलं गेलं आणि कुत्रा मागं राहिला. तो दसऱ्याच्या सुमारास डोंगर चढून आमच्याकडे आला आणि आईच्या पायाशी बसला. आईनं त्याचं नाव बदललं आणि त्याला ठेवून घेतलं.

"पट्टा का काढला?"

"औषधाचा वास मारतोय म्हणाल्या. त्याला जाच व्हतोय. अन् आपल्या वाड्यावरच्या कुत्र्याच्या गळ्यात परक्याचा पट्टा नको. त्यांनी स्वतः काळी लोकर वळली अन् कवडी ओवून बांधली."

आमच्याकडे तशी रीत आहे. मेंढरं राखणाऱ्या कुत्र्याला घरच्या लोकरीचा गळदोर. तो बांधला की कुत्रा घरचा.

टेम्पोत गोरखचं डोकं सुप्रियाच्या मांडीवर होतं. मी पट्टा उन्हात धरला. आतल्या बाजूला इंग्रजीत इतकी बारीक अक्षरं होती की चष्मा कपाळावर सरकवून वाचावं लागलं. पट्ट्यात औषध होतं. गोचीड आणि पिसवा अंगावर येऊ नयेत म्हणून.

आईनं परक्याची खूण म्हणून जे काढून टाकलं, ते त्या कुत्र्याचं औषध होतं.

"सुप्रिया, बुरण्याला गोचीड झाले होते?"

"लई. कानात, बोटांच्या बेचक्यात. म्या म्हणलं आत्याबाई, शेरडांचं औषध लावू. तर म्हणल्या, कुत्रं अंग चाटतंय, मरंल बिचारं. रोज हातानं काढायच्या अन् नखावर मारायच्या."

"आणि आई आजारी पडल्यावर?"

"ह्यांनी काढलं. कुत्रं जेवंना, आत्याबाईंच्या जोत्याशी पडून असायचं. ह्येच त्याला घेऊन बसायचे. रातचं बी जवळ झोपायचा."

"आणि तू?"

ती ओशाळली. "हसू नका, वन्सं. मला कुत्र्याचं लई भ्या वाटतं. ल्हानपणी हायवेला चावलं व्हतं. म्या त्याला भाकरी बी लांबून टाकते."

तात्या पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते. त्यांची पाठ एकदम ताठ झाली. ऐकत होते.

एका चुलीवरचं तिघांनी खाल्लं, दोघं आजारी पडली. चूल एक, पाणी एक, शेळ्या एक. फरक एकाच गोष्टीत होता. दोघांनी कुत्र्याला हात लावला होता. तिसरीला भीती वाटत होती.

आणि मग मला भाऊबीज आठवली. मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसले होते. आई समोरच्या दगडावर, मांडीवर कुत्र्याचं डोकं. ती त्याच्या कानात काहीतरी शोधत होती आणि मधूनमधून एक बारीक, कोरडा आवाज येत होता. फट्. मी पान उलटलं. ओवाळणीचं ताट हातात देताना तिच्या अंगठ्यांची नखं लालसर काळी दिसली. "हे काय गं?" विचारलं, तर म्हणाली, "मेंदी काढलीया. तुमच्या भोरात न्हाई मिळत असली." आम्ही दोघी हसलो. चौथ्या दिवशी तिला ताप आला.

सरकारी दवाखान्यात डॉक्टर सोनिया होत्या. तिशीच्या, केस वर बांधलेले, बोलणं तुटक. मी फाईल पुढं केली नाही. गोरखचे तळहात उघडले, गुडघा वाकवला, आणि पट्टा टेबलावर ठेवला. मग आईच्या चार डागांचं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "चौथा दुखत होता का?"

"नाही. म्हणून तर कुणाला कळला नाही."

त्या उठल्या. "गोचिडाच्या चाव्यातून येणारा ताप आहे हा. किंवा चिरडताना त्याचं रक्त नखाच्या कडेतून आत जातं. चावा बसतो तिथं कधी कधी अशी काळी खपली धरते. वेळेत ओळखलं नाही तर मेंदूपर्यंत पोचतो. मग माणूस बरळतो, झटके येतात, अंग लुळं पडतं. ज्याला जो तुकडा दिसतो तो त्या तुकड्याचं नाव लिहितो."

"याला औषध?"

"साध्या गोळ्या. गिळता येत नसेल तर सलाइनमधून देते."

"पुण्याहून आणाव्या लागतील?"

"नाही. त्या कपाटात आहेत."

मी कपाटाकडे पाहिलं. हिरवा रंग, एक कडी तुटलेली.

"रक्त पुण्याला पाठवते," डॉक्टर हात धुताना म्हणाल्या. "उत्तर यायला आठवडा, दोन आठवडे. तोवर थांबले तर उत्तर बरोबर येईल आणि पेशंट नसेल. म्हणून आत्ताच सुरू करते. दोन दिवसांत ताप उतरला तर तुमचं बरोबर."

"आणि नाही उतरला तर?"

त्या सुई शोधायला लागल्या.

६

दहाव्या दिवशी सकाळी ओढ्याकाठी सगळा वाडा जमला. गोरखच्या जागी तात्यांनी विधी उरकला. लोक अंग झटकून उठायला लागले तेव्हा तात्या म्हणाले, "बसा. स्वप्नाली बोलणार हाय."

मी दवाखान्यातून थेट आले होते. पहाटे गोरखचा ताप उतरला होता. त्यानं डोळे उघडून सुप्रियाला विचारलं होतं, "बुरण्यानं खाल्लं का?" ती हसली आणि मग भिंतीकडे तोंड करून उभी राहिली होती. आता ती माझ्या शेजारी बसली होती, पायाशी पिशवी घेऊन. पिशवी तिनं एस्टीसाठी भरली होती की दवाखान्यासाठी, हे लोकांना कळत नव्हतं.

मी ओळीनं सांगितलं. शेळ्यांचे स्वच्छ कान. कोपऱ्यातला ताप. तीन दिलेले डाग आणि चौथा कुणीच न दिलेला. गोरखच्या गुडघ्यामागचा, सळई गरम व्हायच्या आधीचा. तळव्यांवरचे ठिपके विषाचे नव्हते, ते या तापाचेच होते. आणि तिघांतली एक का वाचली.

"कुत्र्याला भ्याली म्हणून," कुणीतरी मागून म्हणालं आणि हसू दाबलं.

"हो. कुत्र्याला भ्याली म्हणून. तुम्ही तो पुरावा समजलात."

गेनबा उठले. इतक्या लोकांत ते कधी बोलत नाहीत. "माज्या तीन डागांनी चौथा झाकला," ते म्हणाले. "म्या दिलं नसतं तर त्यो एकटा दिसला असता. कुणीतरी इचारलं असतं."

"गेनबा, आईच्या चोळीत कुणी पाहिलंच नसतं," मी म्हणाले. "तुम्ही ज्ञान नव्हतं म्हणून चुकलात. ज्यांना ते होतं त्यांना तुमच्यावर चिडायची घाई होती. तुमचा वाटा आहे. सगळा नाही."

त्यांनी मान हलवली. मी त्यांना माफ केलं नव्हतं, आणि त्यांनी ते मागितलंही नव्हतं.

"म्हंजी सोजराला त्या कुत्र्यानं मारलं," तात्या म्हणाले. आवाज फाटला होता. "आजच त्याला कड्यावरनं—"

"कुणी हात लावायचा नाही त्याला."

"अगं, तुजी आय खाल्ली त्यानं!"

"तात्या, सातव्याला तुम्ही सुप्रियाला बोट दाखवलंत. आज कुत्र्याला दाखवताय. आईनं त्याला गळदोर बांधलाय. तो घरचा आहे. आईचं बाकी काही मला वाचवता आलं नाही. हे वाचवणार."

मग सगुणाकाकी उठल्या, सुप्रियाची पिशवी उचलली आणि वाड्याच्या दिशेनं चालायला लागल्या. वाटेत थांबून ओरडल्या, "चल की गं. चूल काय आपोआप पेटायचीया?"

बारा दिवसांनी पुण्याहून गोरखच्या रक्ताचा निकाल आला. डॉक्टर सोनियांनी फोनवर एकच शब्द सांगितला, "तेच."

आईचं रक्त कुठंच शिल्लक नव्हतं. मोठ्या रुग्णालयात मी दाखल्यावरचं कारण बदलायचा अर्ज घेऊन गेले तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. या वेळी आवाज चढवला नाही. "सिद्ध करता येणार नाही," म्हणाले. मी म्हणाले, "पक्षाघातही सिद्ध झाला नव्हता. लिहिलात ना?" दाखल्यावर अजून पक्षाघातच आहे. अर्जाची पोच मात्र माझ्याकडे आहे, आणि दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मी तिथं जाते. आता शिपाई मला पाहिलं की खुर्ची पुढं करतो. पहिल्या अर्जाच्या दिवशी त्या डॉक्टरांनी विचारलं होतं, "तुम्हाला नक्की काय हवंय?" मी सांगितलं, "पुढच्या बाईची चोळी उघडून बघा. नर्सला सांगा, पण बघा."

गोरख घरी आला त्या दिवशी मी भोरच्या जनावरांच्या डॉक्टरांकडून त्याच पिवळ्या झाकणाच्या बाटलीतल्या औषधाचं कुत्र्यासाठीचं माप लिहून आणलं होतं. रबरी हातमोजेही आणले. कोण लावणार यावर चर्चा होण्याआधीच सुप्रियानं मोजे चढवले. ती बुरण्यापासून चार हात लांब उभी राहिली, डोळे मिटले, उघडले, आणि पुढं गेली. कुत्रा हलला नाही. तिनं त्याचा गळदोर सोडून खुंटीला अडकवला, माप पाण्यात कालवलं आणि फडक्यानं कानापासून सुरुवात केली. एकही बेचकं सुटू दिलं नाही. मग तिनं त्याच्या तोंडाला फडकं गुंडाळून ठेवलं, अंग वाळेपर्यंत त्यानं चाटू नये म्हणून.

"चावला तर?" गोरख ओट्यावरून म्हणाला.

"तर तुमाला चावीन," ती म्हणाली.

बाकीचं गोठ्याच्या भिंतींना आणि जोत्याच्या फटींना मारून झालं, बाटलीत शेवटचं बोटभर राहिलं, तेव्हा तात्या आले. हातात दोरी, दोरीला त्यांचा म्हातारा मोत्या. त्यांनी मोत्याला पुढं ढकललं.

"सूनबाय, जरा ह्याला बी. आमच्या शेरडांस्नी बी लई झाल्यात म्हणं गोचीड."

सुप्रियानं बाटली उचलून उजेडात धरली. उरलेलं मोत्यासाठी मोजून काढलं, बाटली रिकामी केली आणि झाकण लावून तात्यांच्या हातात दिली.

"संपलं, तात्या. शेरडांसाठी नवी आणा," ती म्हणाली. "अन् आणली की अंगणात मधोमध ठिवा. मागच्यावाणी. सगळ्यास्नी दिसंल अशी."